चारशे दहा युरोंचं शेण

जर्मनीत जाऊन कारखान्याच्या दारातून गाडी घ्यायची, आठवडाभर तिकडेच फिरवायची आणि मग जहाजाने अमेरिकेत आणायची, याविषयी वाचायला मिळतं ते बहुतेक सगळं चावी हातात घेतल्याच्या फोटोपाशी संपतं. माझा ताप त्या फोटोनंतर नवव्या दिवशी सुरू झाला. म्हणून तिथूनच सांगते, बाकीचं मधेमधे येईल.

४ ऑक्टोबर २०२३, बुधवार, सकाळचे नऊ. स्टुटगार्टबाहेरचं एक गोदाम. जहाजाचं काम बघणाऱ्या एजंटाचा माणूस पुठ्ठा अंथरून, बॅटरी घेऊन माझ्या नव्याकोऱ्या पोर्शे केमनखाली शिरला. गाडीवर एक ओरखडा नव्हता, काचा मी स्वतः पुसल्या होत्या. तो बाहेर आला आणि एकच शब्द बोलला, ‘एर्डे’. म्हणजे माती. मग बोटाला लागलेलं हुंगून त्याने चेहरा वाकडा केला, कारण ती नुसती माती नव्हती.

अमेरिकेच्या शेती खात्याचा नियम असा, की परदेशातून येणाऱ्या गाडीच्या पोटाला माती चिकटलेली चालत नाही. मातीतून किडे येतात, तणाचं बी येतं, गुरांचे रोग येतात. वाफेने किंवा दाबाच्या पाण्याने खालून धुऊनच गाडी जहाजावर चढवायची. नियम रास्त आहे, माझं भांडण नियमाशी नाही. न्यू जर्सीत ज्या डीलरकडून गाडी बुक केली, त्याने चौदा महिन्यांत शंभर ईमेल पाठवले आणि हे एक वाक्य कुठेही लिहिलं नाही, हे माझं भांडण आहे. ‘चावी द्या आणि विमानात बसा,’ हे त्याचे शब्द. आठवड्याने बिल आलं: धुलाई १९० युरो, फेरतपासणी ९० युरो, आणि गाडी ठरलेल्या जहाजावर न चढल्याबद्दल गोदामाचं भाडं १३० युरो. बिल बिनबोभाट भरायचं, कारण गाडी त्यांच्या ताब्यात आणि मी समुद्राच्या या बाजूला.

आता ते शेण आलं कुठून.

शनिवारी, ३० सप्टेंबरला आम्ही ऑस्ट्रियात टिरोलमध्ये होतो. उन्हाळाभर डोंगरावरच्या कुरणांत चरलेली गुरं सप्टेंबरात खाली गावात आणतात, त्याचा सोहळा होता. गाईंच्या डोक्यावर फुलांचे मुकुट, गळ्यात परातीएवढ्या घंटा, पुढे-मागे पोशाख केलेली माणसं. अगदी आपला पोळा, फक्त बैलांऐवजी गाई. पहिली दहा मिनिटं डोळ्यांत पाणी आलं. पुढची पन्नास मिनिटं पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, पंचवीस-तीस गाईंच्या मागून चाललो होतो आणि रस्त्यावर जे पडत होतं ते सगळं चाकं उचलून घेत होती. नवरा म्हणाला, ‘शुभ असतं.’ त्या आठवड्यात आल्प्समध्ये कडक ऊन होतं. संध्याकाळपर्यंत त्याचं सिमेंट झालं.

तर सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात टिरोलमधून जाणार असाल तर शनिवार टाळा. गुरं पाहायची असतीलच तर गाडी गावाबाहेर लावून चालत जा.

इटलीतला स्टेल्व्हिओ घाट हा दुसरा मूर्खपणा आणि तो सर्वस्वी माझा. उंची २७५७ मीटर, पायथ्याच्या प्रातो गावाच्या बाजूने नंबर घातलेली ४८ वळणं. ऑस्ट्रियन साम्राज्याच्या काळात, १८२० ते १८२५ मध्ये, कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनिअरने तो काढला, घोडागाड्यांसाठी. हे शेवटचे दोन शब्द मी नीट वाचायला हवे होते. आम्ही गेलो रविवारी, स्वच्छ उन्हात, सकाळी साडेदहाला. म्हणजे अर्ध्या युरोपातले मोटरसायकलवाले आणि उरलेल्या अर्ध्यातले सायकलवाले जेव्हा जातात तेव्हा. वळणांचे आकडे खालून वर उलटे जातात, ४८, ४७, ४६. पस्तिसाच्या आसपास एक कॅम्पर व्हॅन वळणात अडकून मागेपुढे करत होती. तिच्यामागे मी, माझ्यामागे बस, आणि दोन्ही बाजूंनी फटीतून घुसणाऱ्या मोटरसायकली. चढावर हाफ क्लच. क्लचचा जळका वास ज्याने नव्या गाडीत घेतलाय त्यालाच ते दुःख कळेल. वर पोचायला दीड तास लागला. ‘घाटातच रडायचं होतं तर आंबोलीला गेलो असतो,’ हे नवऱ्याचं मत. वर पार्किंगला जागा नाही, त्यामुळे न उतरताच पलीकडे. दुसऱ्या गिअरमध्ये सलग तीन वळणं काही मिळाली नाहीत.

माझा निकाल: स्टेल्व्हिओ पहाटे साडेसहाला सुरू करता येत असेल तर करा. जमणार नसेल तर सरळ वगळा, फोटो विकत मिळतात. त्यापेक्षा बाडेनबाडेन ते फ्रॉयडनश्टाट हा ब्लॅक फॉरेस्टमधला रस्ता, बी ५००, मंगळवार-बुधवारी मोकळा मिळतो आणि कारखान्यापासून दोन तासांच्या आत आहे. मी गाडी खऱ्या अर्थाने चालवली ती तिथेच. ऑस्ट्रियातून स्टेल्व्हिओकडे जाताना इटलीत रेशेन नावाच्या तलावात बुडालेल्या गावाचा चर्चचा मनोरा पाण्यातून वर आलेला दिसतो, तो बघा. बोडनसी सरोवराकाठचे दोन दिवस सुंदर गेले, त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

गाडी ७१८ केमन जीटीएस, चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, सहा गिअर, हाताने टाकायचे. मॅन्युअल सराईतपणे येत नसेल तर यात पडू नका, आठ दिवसांत शिकून होत नाही. मी सांगलीत बाबांच्या पद्मिनीवर शिकले, ते आत्ता उपयोगी पडलं. टणक सूटकेस आणू नका. पुढे एक आणि मागे एक अशा दोनच डिक्क्या, त्यात मऊ पिशव्याच मावतात.

वाट पाहण्याचं थोडक्यात. जुलै २०२२ मध्ये तीन डीलरांकडे गेले. एकाने छापील किमतीवर २५ हजार डॉलर वरचे मागितले, तोंडावर, हसत. दुसऱ्याने ‘यादीत तुमचा तिसरा नंबर’ सांगितलं आणि पाच महिने तो तिसराच राहिला. या धंद्यातला खरा शब्द ‘अलोकेशन’. डीलरच्या वाट्याला कारखान्याकडून किती गाड्या येणार, तो आकडा. नंबर विचारू नका, ‘माझ्या नावावर अलोकेशन पडलं का’ एवढंच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ते पडेपर्यंत तुम्ही यादीत नसून आशेवर असता.

त्यात जहाजांच्या बातम्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फेलिसिटी एस’ एम्डेनहून ऱ्होड आयलंडच्या डेव्हिसव्हिलला निघालं, अझोर्सजवळ पेटलं आणि १ मार्चला सुमारे चार हजार गाड्या घेऊन बुडालं. त्यातल्या पंधरा अव्हेंटाडोर पुन्हा बनवायला लॅम्बॉर्गिनीला बंद केलेलं उत्पादन परत सुरू करावं लागलं. मग २०२३ च्या जुलैत, माझ्या तारखेच्या दोन महिने आधी, ‘फ्रीमँटल हायवे’ हे ब्रेमरहाफेनहून निघालेलं जहाज नेदरलँड्सच्या किनाऱ्यापाशी पेटलं, एक माणूस गेला. ज्याची गाडी अशा जहाजावर चढणार आहे, त्याने या बातम्या वाचू नयेत. मी रोज वाचल्या.

२६ सप्टेंबर, मंगळवार, चावीचा दिवस. लोकलने जा, एस ६ चं नॉयव्हिर्ट्सहाउस स्टेशन कारखान्याच्या आणि म्युझियमच्या दाराशीच आहे. कारखान्यात तेव्हा ९११ आणि ७१८ एकाच लाइनीवर बनत. फोटो काढू देत नाहीत. जेवण उत्तम. आईने फोनवर बजावलं होतं, २९ पासून पितृपक्ष आहे, त्याआधी चावी घे. घेतली. लिंबू मी हॉटेलाशेजारच्या तुर्की दुकानातून आणलं होतं. ते चाकाखाली ठेवताना हातमोजे घातलेल्या त्या जर्मन बाईने ‘हे तुम्ही मुद्दाम ठेवलंत ना?’ असं दोनदा विचारलं. नंतर तिने टायर पुसून दिला. (गाडी प्रत्यक्ष समुद्रावर गेली ती पितृपक्षातच. आईला सांगितलेलं नाही.)

नंबरप्लेट निर्यातीची मिळते, उजव्या कडेला लाल पट्टी आणि त्यावर मुदतीची तारीख. ही प्लेट चावीबरोबरच हातात येते, म्हणून नंबर लागणारं काम आधी करता येत नाही आणि इथे अनेक जण फसत. ऑस्ट्रियाच्या हमरस्त्यांवर टोलचं स्टिकर लागतं. २०२३ मध्ये ते ऑनलाइन घेतलं तर ग्राहकाच्या परतीच्या हक्कामुळे अठराव्या दिवसापासून लागू व्हायचं. म्हणून सीमेआधीच्या पेट्रोलपंपावर कागदी स्टिकर घेतलं. दहा दिवसांचं ९.९० युरोंना मिळालं. नव्या काचेवर चिकटवताना जीव गेला, पण नसतं तर तेव्हा १२० युरो दंड होता.

ऑटोबानवर बऱ्याच ठिकाणी वेग मोकळा, पण नव्या इंजिनाला पहिले दोन हजार मैल चार हजार आरपीएमच्या वर न्यायचं नाही. सहाव्या गिअरात ताशी दीडशे किलोमीटरच्या थोडं पुढे गेलं की पाय वर. मला उजव्या लेनमधून व्हॅनवाल्यांनी ओव्हरटेक केलं असतं, पण तिथे ते चालत नाही, म्हणून मागे येऊन दिवे मारले. वेगासाठी जाणार असाल तर जाऊ नका.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. गाडी परत द्यायचा दिवस निवडताना कॅलेंडर बघा. ३ ऑक्टोबर हा जर्मनीचा राष्ट्रीय सुट्टीचा दिवस. आम्ही त्या दिवशी दुपारी स्टुटगार्टला आलो. ‘अंग धुऊ, गाडी धुऊ’ म्हणून तीन वॉशिंग सेंटरांच्या दारात गेले, तिन्ही बंद. हॉटेलवाल्याकडे बादली मागितली तर त्याने अशा नजरेने पाहिलं की मी त्याच्या अंगणात म्हैस धुणार होते. सकाळी नऊची वेळ, बाराला विमान. गेलो तसेच, शेणासकट.

म्हणून: परत द्यायच्या आदल्या दिवशी, कामाच्या वारी, खालून धुऊन घ्या. शब्द पाठ करा, ‘उंटरबोडेनवेशे’. पैसे देण्याआधी चाकांच्या कमानी आतून दाखवा. पावती जपा. गोदामात देताना पोटाखालचे फोटो काढा, फोन जमिनीवर सरकवून निघतात. सीटखाली हात घाला. मी दक्षिण टिरोलची सफरचंदं घेतली होती, एक राहिलं. विमानाचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. अर्धा दिवस हाताशी असता तर मी स्वतः धुऊन आणली असती आणि जहाज चुकलं नसतं.

पैशाचं एक. पूर्ण रक्कम चावी मिळण्याआधी भरावी लागते, त्यामुळे कर्जाचा हप्ता तिथूनच सुरू होतो. गाडी दारात नसताना मी तीन हप्ते भरले. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर नोंदणीच्या वेळी वेगळा. हे धरून हिशेब करा.

गाडी आली २० डिसेंबरला, अकरा आठवड्यांनी. समुद्रातले त्यातले जेमतेम दोन, बाकी या ना त्या कुंपणाआड. जहाजाचं नाव एजंटाकडून मागून घ्या, मग ते नकाशावर दिसतं. मी मीटिंगमध्ये बसून अटलांटिकमधला एक हिरवा बाण बघायचे. फायदा शून्य, पण झोप लागते.

जानेवारीत पहिल्या तपासणीला गाडी लिफ्टवर चढली. मेकॅनिकने मागच्या डाव्या चाकाचं प्लॅस्टिकचं अस्तर सैल केलं आणि मला हाक मारली. आत मुठीएवढा वाळका गोळा होता, त्यात गवताची काडी, आणि काडीला चिकटलेली केशरी फुलाची पाकळी. मी फोटो काढून एजंटाला पाठवला, १९० युरो परत मागितले. उत्तर नाही.