काळा दगड काळाच यायला पाहिजे

रविवार, सातारा

कॅमेरा सेकंडहँड आहे, कॅनन १५००डी, दादाच्या ओळखीतून मिळाला, सोबत १८-५५ ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच येणारी साधी झूम लेन्स, १८ एमएमला जास्त परिसर मावतो आणि ५५ ला लांबचं जवळ दिसतं. आल्यापासून जो भेटतो तो म्हणतोय ही लेन्स बाजूला ठेव, ५० एमएम घे, झूम नसली तरी ती जास्त उजेड घेते. मला नाही घ्यायची अजून. हिच्यानं काय काय होतं ते तरी आधी बघू दे की.

आज सकाळी संगम माहुलीला गेले, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. विश्वेश्वराचं देऊळ काळ्या दगडाचं, पण फोटोत ते करडं यायला लागलं, राख फासल्यासारखं. कारण कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या भागाला, काळं-पांढरं कळत नाही, समोर जे असेल ते सरासरी मधल्या करड्या रंगाचंच आहे असं धरून तो उजेड ठरवतो, म्हणजे काळ्या दगडाला जास्त देतो आणि पांढऱ्या धोतराला कमी. हे वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघितल्यावर पटलं. एव्ही मोडला (ह्यात लेन्स किती उघडायची ते आपण ठरवतो, बाकीचं कॅमेरा बघतो) ते प्लस-मायनसचं बटण दाबून धरलं, चाक फिरवून मायनस एकवर आणलं, म्हणजे उजेड कमी केला, आणि नंदी एकदम खरा दिसायला लागला... पाठीवरचे छिन्नीचे घाव, कानामागं साठलेलं जुनं कुंकू, सगळं! तिथंच पायरीवर बसून किती वेळ बघत राहिले.

मंडपात उजेड कमी. ही लेन्स १८ ला एफ ३.५ पर्यंत उघडते आणि ५५ ला ५.६ च (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी), म्हणजे झूम केला की निम्म्याहून कमी उजेड आत येतो. मग अंधारात झूम करायचाच नाही, १८ वर ठेवायचं आणि आपण चालत जवळ जायचं, खांबांचं नक्षीकाम असंच मिळालं. माणसाचा चेहरा मात्र १८ ला जवळून काढू नये, नाक मोठं येतं, तिथं बाहेरच्या उजेडात ५५ छान, ह्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर ते मोठ्या, फुलफ्रेम सेन्सरवरच्या साधारण ८८ सारखं पडतं.

घाटावर एक आजी धुणं धूत होत्या. आधी विचारलं, न विचारता कुणाचा फोटो काढणं मला पटतच नाही.

"मोबाईलात येत न्हाई व्हय गं?"

"येतो की आजी, पण ह्याच्यात उजेड किती घ्यायचा ते मी ठरवते."

"दाव बघू. अगं बया, सुरकुत्या बी आल्या की समद्या!" आणि परत एक काढायला लावला, पदर नीट करून.

सप्टेंबरला कासला पण हीच लेन्स नेणार. मॅक्रो, म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळून काढायची लेन्स, लागतेच म्हणतात सगळे, पण ही २५ सेंटिमीटरवर फोकस करते, सीतेची आसवं ही इवलीशी फुलं अगदी डोळाभर नाही येणार पण तेरड्याचा गालिचा नक्की येईल, आणि फुलं तुडवून पुढं जाण्यापेक्षा वाटेवरून जेवढं मिळेल तेवढं बास. लेन्सच्या पैशातून सध्या एक जादा बॅटरी घेते.