फरशीवर उड्या नकोत

पुण्यातल्या आमच्या नृत्यसंस्थेत तालमीचा हॉल मी सांभाळते. ऐन जुलैत मुंबईहून एक बॅले नर्तकी रुजू झाली. पहिल्या दिवशी बारला, म्हणजे आडव्या दांड्याला धरून केलेले प्लिए (गुडघे वाकवणं), तांदू (पाय जमिनीलगत सरकवत ताणणं) वगैरे नीट पार पडले. मग मध्यभागी सोते, म्हणजे दोन्ही पायांवरच्या साध्या उड्या सुरू झाल्या आणि ती मध्येच थांबली. ‘‘ताई, व्हिनाइलच्या खाली नुसती फरशी आहे का?’’

होती. फरशी, तिच्याखाली स्लॅब. व्हिनाइल फक्त पकड देतं, धक्का शोषत नाही. उडीवरून उतरताना शरीराच्या वजनाच्या काही पट भार पावलांवर येतो, आणि एका वर्गात अशा उड्या शेकड्याने होतात. आधी नडगीची आतली कड दुखू लागते. दुखणं लांब पट्ट्यात पसरलेलं असेल तर विश्रांतीने सहसा उतरतं. एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल तर मात्र उड्या बंद आणि हाडांचे डॉक्टर. हाडाला गेलेली बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बरेचदा दिसतही नाही.

उड्या तिथेच थांबवल्या आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १२ मिमीचं प्लाय मागवलं. १६ बाय १६ फुटांच्या जागेला ८ बाय ४ चे आठ तक्ते लागतात. थर दोन, म्हणून सोळा. पुण्याच्या पावसाळ्यात साधं प्लाय फुगतं, त्यामुळे आयएस ७१० शिक्क्याचंच, म्हणजे पाणी सोसणारं मरीन प्लाय घेतलं. खालच्या थराला तळातून फूट-फूट अंतरावर ईव्हीए फोमचे (लवचीक, स्पंजासारख्या रबरी फोमचे) तीन इंची चौकोन चिकटवले, तक्त्यांच्या जोडांखाली जास्तीचे. जोड अधांतरी राहिला की तिथे पाय दबतो आणि घोटा मुरगळतो. वरचा थर आडवा फिरवून टाकला, म्हणजे मधले सोडून बाकीचे जोड एकावर एक येत नाहीत. स्क्रू १९ मिमीचे. सुतारकाका २५ चे घेऊन आले होते. दोन थर मिळून २४ मिमी, टोक खाली फोममध्ये घुसलं असतं. भिंतीपासून बोटभर फट ठेवली, लाकडाला फुगायला आणि हवा खेळायला.

ही जमीन अर्ध्याच हॉलमध्ये केली. सकाळी याच हॉलमध्ये कथकचा वर्ग असतो आणि त्यांना हे नकोच. तत्कारात, म्हणजे कथकच्या पायांच्या कामात, पूर्ण तळवा आपटतो. प्लायखाली पोकळी असली की थाप घुमते, बोल स्वच्छ निघत नाहीत. त्यांचं म्हणणं रास्त आहे, आणि पुण्यात तरी हॉल बांधणाऱ्यांनी दोन्हींचा विचार करायला हवा असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी व्हिनाइल परत अंथरलं. नव्या जमिनीवर तिने सोते पूर्ण केले, टाचा न आपटता. मग आराबेस्कवर, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरा मागे ताणण्यावर, आमच्या बॅलेच्या सरांचं आणि तिचं जुळेना. ती वागानोवा या रशियन पद्धतीत शिकलेली, त्यात आराबेस्क चार. सर चेकेत्ती या इटालियन पद्धतीचे, तिथे पाच. एकाच क्रमांकाला दोघांचे हात वेगळे. पहिले काही आठवडे सरांनी क्रमांक सोडून कोणता हात आणि कोणता पाय हेच सांगायचं ठरलं.

तिचे पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर नाचायचे बूट, दमट हवेने मऊ पडले होते. पुढचा कडक भाग कापड, कागद आणि खळीच्या थरांचा असतो. ओल लागली की तो बसतो, बोटं आत रुततात आणि पाऊल टोकावर पुढे कलंडतं. म्हणून दोन जोड आलटूनपालटून वापरायचे, वापरल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही. टोकाच्या आत फेविक्विकचे थेंब सोडले की थोडा कडकपणा परत येतो. मात्र तेव्हा शूज पायात नकोत आणि जवळ कापूसही नको, कारण कापसाला लागलं की हा गोंद भाजण्याइतका तापतो.