लाईट गेली नव्हती

मंगळवार, रात्री

काल नवतपा लागला, कडक उन्हाचे नऊ दिवस. दुपारी बारा ते पाच दारं-खिडक्या बंद, कूलरची घरघर, आणि पाच वर्षांची मनू घरात कोंडलेली. ट्राफिक पार्कात न्यायचं तर सहा वाजेपर्यंत दम धरावा लागतो. म्हणून सिनेमा लावला.

तिने नेहमीसारखं आधी विचारलं होतं. "आई, यात कोणाची आई मरत नाही नं?" मी कणीक मळत होते. म्हटलं, "नाही गं, माशांचा आहे, मज्जेचा." आणि 'फाइंडिंग निमो' लावून दिला.

पाच मिनिटंही झाली नसतील. आतून हाक आली, "आई, लाईट गेली का?"

मी बाहेर येऊन बघते तर टीव्हीचा पडदा काळा. पण मनू टीव्हीकडे बघत नव्हती, कूलरकडे बघत होती. कूलर चालू होता. त्याच्या जाळीला तिनेच बांधलेली लाल रिबीन फडफडत होती. ती हळूच म्हणाली, "नाही गेली." तेवढ्यात पडद्यावर अंधुक उजेड आला. तो नारिंगी मासा एकटाच जागा झाला, बायकोला हाका मारत इकडून तिकडे फिरायला लागला. चारशेच्या वर अंडी होती त्यांची. उरलं एक.

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तशाच कणकेच्या हातांनी तिला जवळ घेतलं, तर तिने माझं मनगट धरलं आणि सिनेमा संपेपर्यंत सोडलं नाही. बंद करू का विचारलं, तर नको म्हणाली. तिच्या फ्रॉकवर माझ्या बोटांचे कणकेचे ठसे वाळून कडक झाले.

रात्री पांघरूण घातलं तेव्हा म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"विसरले गं."

"इतकं मोठं कसं विसरली तू?"

हेच डोक्यातून जात नाहीये. साडेअकरा वाजलेत, भांडी झाली, दूध विरजून झालं, आणि मी तिचं ते वाक्य घेऊन बसलेय.

कशी विसरले मी? सिनेमा 2003 चा. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या कम्प्युटरवर बघितला होता, आम्ही पाचजणी एका पलंगावर. मला आठवत होती ती निळी मासोळी, ते कासव, ते दातांच्या डॉक्टरकडच्या टाकीतले मासे. म्हणजे हसलेलं सगळं आठवत होतं. एक आई गेली होती आणि माझ्या आठवणीत तिला जागाच नव्हती. जणू ती गोष्टीत शिरायचं दार होती, उघडलं आणि पुढे गेलो.

मघाशी शोधता शोधता एक अभ्यास सापडला. 2014 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेला. 1937 पासून 2013 पर्यंतचे मुलांचे 45 गाजलेले अॅनिमेशनपट घेतले आणि त्यांच्यासमोर मोठ्यांचे 90 सिनेमे ठेवले. मुलांच्या दोन तृतीयांश सिनेमांत कोणीतरी महत्त्वाचं पडद्यावर मरतं, मोठ्यांच्या निम्म्या. नायक-नायिकेचे आईवडील मरण्याचा धोका तर मुलांच्या सिनेमात पाचपट. निमोच्या आईची वेळसुद्धा त्यांनी लिहून ठेवलीय, 4 मिनिटं 3 सेकंद. कोणी तरी घड्याळ लावून बसलं होतं. म्हणजे विसरण्यासारखी गोष्ट ती नव्हतीच.

'बांबी'तल्या पाडसाची आई 1942 पासून मरतेय. तो मी कधी लावणारच नव्हते. 'लायन किंग'मधल्या सिंहाच्या बापाचंही मला पाठ आहे, नणंदेची मुलं तो भाग परत परत लावतात आणि मनू स्वयंपाकघरात माझ्या ओट्याखाली येऊन बसते. डोळे नाही झाकत ती, कान झाकते. हे मला फार उशिरा कळलं. भीती तिला चित्राची नाही वाटत, वाजंत्र्याची वाटते. आवाज कमी केला की अर्धं ओझं उतरतं.

पण हे बघायचं कोणी? सिनेमावर अक्षर असतं, यू नाहीतर यूए, आणि 2024 पासून यूएचेही वयाप्रमाणे तीन भाग झालेत, सात, तेरा, सोळा. त्या अक्षरावरून यात आई जाते का, हे कळत नाही. ते मलाच आधी बघून ठेवावं लागतं, रात्री, झोप मोडून. अभय म्हणतो तू फार जपतेस. सासूबाई आज म्हणाल्या, "कार्टूनच तर आहे नं. कायले एवढं मनाला लावून घेऊन राहिली पोट्टी? आमची नाही का वाढली?" वाढली. माझ्या बाबांनी मला थिएटरात बसवून ठेवलं होतं, तिकिटाचे पैसे दिलेत म्हणून, मी त्यांच्या शर्टाची बाही चावत होते. असो.

एवढी शंभर वेळा बघून ठेवते, आणि एकदाच कणीक मळता मळता हो ला हो केलं, तर नेमकं तेच. कोणी नव्याण्णव वेळा मोजत नाही. आणि माझे ते हॉस्पिटलचे एकवीस दिवस तिच्या डोक्यात कुठे बसलेत तेही मला माहीत नाही. तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. व्हिडिओ कॉलवर बोलायची नाही, नुसती बघायची.

बुधवार

रात्री दोनला ती उठून आली. माझ्या नाकासमोर हात धरून उभी होती. मी श्वास घेतला तसा तिच्या तळव्याला लागला असणार. काही न बोलता माझ्या कुशीत शिरली.

थोड्या वेळाने म्हणाली, "ती निळी मासोळी विसरते तशी विसरली का तू?"

मी हो म्हटलं.

"मग ठीक आहे. ती मुद्दाम नाही विसरत."

आणि झोपली. मी मात्र छताकडे बघत पडून राहिले, पण कालच्यासारखी नाही. इतकी साधी सोडवणूक माझ्या हातून झाली नसती.

सकाळी कूलरमध्ये पाणी भरताना वाटलं, मी तिला नको त्या गोष्टीपासून वाचवत बसलेय. दुःख नसलेली गोष्ट नसतेच. मागे मी तिला 'एक अनेक और एकता' दाखवला होता, तो 'एक चिडिया, अनेक चिडिया'वाला, विजया मुळे यांचा, फिल्म्स डिव्हिजनचा, 1974 चा. सात मिनिटं, पक्षी जाळं घेऊन उडतात, उंदीर ते कुरतडतात, सगळे सुटतात. आम्ही दूरदर्शनवर तो गाणं म्हणत बघितला. मनूने विचारलं, "मग त्या जाळंवाल्या काकांनी रात्री काय खाल्लं?" दोन दिवस त्या काकांच्या जेवणाची काळजी. अशा मुलीसाठी काळजी नसलेला सिनेमा मी कुठून आणू?

आणि 'जंगल बुक'चं तर इथे फार अवघड. पेंच मोगलीचं जंगल म्हणून सगळे सांगतात, मीही कौतुकाने सांगितलं. तेव्हापासून शेरखानचा पत्ता तिच्याकडे आहे. नागपुराहून किती लांब, तो रस्ता ओलांडतो का, सगळं विचारून झालं.

तिने आधी विचारलं होतं, ही गोष्ट मी काल नीट बघितलीच नाही. तिला आई मरू नये असं नव्हतं म्हणायचं, तिला कळायला हवं होतं. आधी सांगितलं असतं तर तिने बघितलाही असता, कूलरकडे न बघता.

रविवार

आज 'माय नेबर टोटोरो' बघितला. हा मी दीड वर्ष टाळत होते. 1988 चा, जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा. खलनायक नाही, मारामारी नाही, मोठ्ठं मऊ जनावर आहे, मांजराची बस आहे. सगळेच सांगतात लहान मुलांना हाच दाखवा. पण त्यात दोन बहिणींची आई हॉस्पिटलमध्ये आहे. मियाझाकींची स्वतःची आई त्यांच्या लहानपणी क्षयाने कित्येक वर्षं अंथरुणाला होती, हे वाचल्यापासून तर मला तो लावायला हातच धजेना.

यावेळी आधी पूर्ण सांगितला. दुपारी कूलरसमोर चटई टाकून, पन्ह्याचे पेले घेऊन. आई आजारी आहे. ती शनिवारी घरी येणार असते, येत नाही. धाकटी मेई मक्याचं कणीस घेऊन तिला भेटायला एकटीच निघते आणि हरवते.

"सापडते?"

"सापडते."

"आई मरते?"

"नाही."

"नक्की? विसरली नाहीस नं?"

"काल रात्री परत बघितला."

"घरी येते?"

"येते. पण अगदी शेवटी, नावं येतात तेव्हा. चित्रांत."

मग तिने बघितला. इंग्रजी संवाद चालू आणि मी मराठीत सांगतेय, कारण तिला सगळं माझ्या आवाजात हवं होतं. मेई कणीस छातीशी धरून धावली तेव्हा मनूने पन्ह्याचा पेला तसाच छातीशी धरला. "आता हरवणार," ती म्हणाली. मला सांगितलं तिने. "आता थोडा वेळ भीती वाटणार. मग बस येणार." माझं मनगट तिने धरलं नव्हतं. मीच तिचा पाय धरून बसले होते, ते मला नंतर लक्षात आलं.

आईला भेटत नाहीत त्या मुली. झाडावरून बघतात, आई हसतेय. खिडकीत कणीस ठेवून जातात. मनू काहीच बोलली नाही. मला मात्र तो हॉस्पिटलचा तिसरा मजला आठवला, आणि खाली पार्किंगमध्ये अभयच्या खांद्यावर... राहू दे.

नावं सुरू झाली आणि टीव्हीने चित्र लहान करून कोपऱ्यात ढकललं, पुढचा सिनेमा दाखवायला. "नाही!" मनू ओरडली. "आई अजून आली नाही!" मी रिमोट शोधतेय, तो चटईखाली, सासूबाई पलंगावरून उठून बसल्या, "कोण येऊन राहिलं?" रिमोट सापडला, चित्र मोठं झालं. त्यांनाही चष्मा दिला. तिघी बसून नावं बघत होतो.

गाडी आली. आई उतरली. दोघी पोरी तिच्याकडे धावल्या.

"आली," मनू म्हणाली.

"आली का? बरं झालं बाई," सासूबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

मनूने पेल्याच्या तळाचं पन्हं बोटाने पुसून चाटलं. मग म्हणाली भूक लागली, आणि मक्याचं कणीस आहे का घरात? नव्हतं. पावसाळ्याशिवाय कुठे मिळणार. पोळीला तूप-साखर लावून गुंडाळून दिली, तर ती दोन्ही हातांनी छातीशी धरून खोलीभर धावत सुटली.