टाके जिथे पोचत नाहीत

दुर्बिणीतून जठराला टाके घालताना एक भाग मुद्दाम तसाच सोडतात. डावीकडे वर, अन्ननलिका संपते त्याच्याही वर फुगलेला असतो तो, फंडस. मी पुण्यात एंडोस्कोपी विभागात सिस्टर आहे. वजन उतरवण्यासाठी टाके घालून घ्यायला येणारे पेशंट बघते, आणि आजकाल त्या सोडलेल्या भागाचाच विचार डोक्यात जास्त असतो.

या प्रक्रियेला ईएसजी, म्हणजे एंडोस्कोपिक स्लीव्ह गॅस्ट्रोप्लास्टी, म्हणतात. पेशंटला पूर्ण भूल देऊन डाव्या कुशीवर ठेवतात. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वापरतात, साधी हवा नाही, कारण तो वायू लवकर शोषला जातो आणि नंतर कळा कमी येतात. दुर्बिणीच्या टोकाला टाके घालायचं यंत्र बसवलेलं असतं. सोबत हेलिक्स, म्हणजे मळसूत्री टोकाची तार. डॉक्टर "फिरवा" म्हणाले की मी ती जठराच्या भिंतीत फिरवते, भिंत आत ओढली जाते, आणि टाका पूर्ण जाडीतून पार होतो. शेवटी दोरा आवळला की परकराच्या नेफ्यात नाडी ओढावी तशा भिंतीला चुण्या पडतात. खालून वर सरकत सरकत जठर अरुंद नळीसारखं होतं. बाहेर पोटावर एकही छेद नाही. फंडसपाशी मात्र हात थांबतो. तिथली भिंत पातळ असते आणि पलीकडे प्लीहा.

अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये याचे सुरुवातीचे पेशंट प्रसिद्ध केले. २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ईएसजीची मेरिट नावाची चाचणी आली. अमेरिकेतल्या ९ केंद्रांत २०९ जण, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३० ते ४०. वर्षभराने टाके घातलेल्यांचं वजन सरासरी १३.६ टक्के उतरलं, फक्त आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांचं ०.८ टक्के. हा दुसरा आकडा मी नातेवाइकांना आवर्जून सांगते. पेशंटच्या देखत "हिचा जिभेवर ताबाच नाही" म्हणणारे नवरे, सासवा, कधी सख्ख्या आया मी ऐकल्या आहेत. त्या चाचणीतल्या लोकांना आहाराचं मार्गदर्शन होतं, कोणीतरी पाठीशी होतं, तरी एवढंच उतरलं. हा ताब्याचा प्रश्न नाही हो. शरीर वजन धरून ठेवतं.

त्यात घ्रेलिन येतं. १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलेलं हे भुकेचं संप्रेरक मुख्यतः फंडसच्या आवरणात तयार होतं. शस्त्रक्रियेने स्लीव्ह करतात, म्हणजे जठर कापून त्याची नळी करतात, तेव्हा फंडस कापून बाहेरच काढतात, त्यामुळे घ्रेलिन झपाट्याने घसरतं. आमच्या टाक्यांत ते घर जागेवरच राहतं. टाक्यांमुळे अन्न जठरात जास्त वेळ टिकतं, बहुतेकांची भूक त्यानेच शमते. पण काही जण मुगाच्या पाण्यावरून मऊ भातावर आले की सांगतात, "सिस्टर, चार घासांत पोट गच्च होतं, पण आतलं खा-खा काही जात नाही." मला हे बोलणं शंभर टक्के खरं वाटतं.

म्हणून २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या डॉ. ख्रिस्तोफर मॅकगोवन यांच्या कामाची बातमी आली तेव्हा मी ती पुन्हा पुन्हा वाचली. त्यांनी फंडसच्या आवरणाखाली आधी द्रव टोचून त्याला वर उचललं, म्हणजे खालच्या थरांना इजा नको, आणि मग आर्गॉन प्लाझ्माने, म्हणजे आर्गॉन वायूतून वीज सोडून, ते आवरण जाळलं. १० स्त्रिया, ६ महिने. वजन सरासरी ७.७ टक्के कमी, घ्रेलिन ४० टक्क्यांहून जास्त कमी, शिवाय पोटाची मावण्याची क्षमताही घटली. आर्गॉन आमच्याकडे नवा नाही. जठरातल्या रक्तस्रावासाठी ते यंत्र आम्ही नेहमीच लावतो. वजनासाठी जठराचा बायपास झालेल्यांचं वजन परत वाढलं, की जठर-आतड्याच्या जोडाची कड आर्गॉनने भाजून मग टाक्यांनी तो जोड आवळतात, तेही रूढ आहे. जाळणं आणि शिवणं एकाच बैठकीत होऊ शकतं, हे त्यामुळे मला पटलेलं आहे.

जठराच्या मधल्या भागाला टाके, फंडसला आर्गॉन. कापणारी स्लीव्ह जे साधते त्याच्या जवळ, कापल्याशिवाय. विचार इतका सरळ आहे की मोह पडतो. वजनासाठी जठरात फुगा ठेवतात, त्यात हे बसत नाही. तो जागा अडवतो आणि काही महिन्यांपुरताच राहतो. टाक्यांबरोबर वजन उतरवणारी इंजेक्शनं हा वेगळा रस्ता, त्यावर पुन्हा कधीतरी.

पण जळालेल्या जागी व्रण होतो, तो भरायला वेळ लागतो, आणि शेजारीच ताजे टाके. भुलेचा वेळ वाढतो. आवरण पुन्हा भरून आलं की घ्रेलिनही परत येणार का, हे सहा महिन्यांत दिसत नाही. १० जणी पुरेशा नाहीत. पुरुष हवेत, मधुमेही हवेत, आणि दोन-तीन वर्षांनंतरचं वजन हवं.

माझी धाकटी बहीण बार्शीला असते. बीएमआय ३६, मधुमेह, गुडघे दुखतात, शाळेचे दोन जिने चढताना मध्ये थांबते. तिने फोनवर सरळ विचारलं, "ताई, ते दोन्ही एकदम करतात म्हणे, मी करून घेऊ?" मी तिला सांगितलं की टाक्यांसाठी ये, मी स्वतः उभी राहीन. आधीची दुर्बीण तपासणी, हर्निया आहे का, व्रण आहे का, ते बघून घेऊ. पहिले काही दिवस मळमळेल, दुखेल, ताकावर आणि पेजेवर राहावं लागेल, तेव्हा सुट्टी नीट घे. फंडस जाळून घ्यायचं मात्र आत्ता नाही. कुठे रीतसर चाचणी चालू असेल, नोंदी ठेवत असतील, घ्रेलिन तपासत असतील, तर तिथले कागद मला पाठव, मी वाचते आणि मग ठरवू.