पीएस५ आणि वायरगार्ड: सीजीनॅटमधून अखेर टाइप २

मंडळी, माझ्या पीएस५ चा नॅट टाइप (बाहेरचे खेळाडू कन्सोलपर्यंत किती सहज पोचतात त्याची प्रत: ३ म्हणजे कडक, २ म्हणजे मध्यम; नॅट म्हणजे अनेक उपकरणांनी एकच पब्लिक पत्ता वापरणं) ३ वरून २ वर आला. पार्टी चॅटमध्ये सगळ्यांचे आवाज येतात, लॉबी माझ्याकडे होस्ट होते. कसं जमलं ते लिहून ठेवतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या फायबरचं रडगाणं हेच आहे.

मूळ दुखणं सीजीनॅटचं, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते त्याचं. राउटरच्या वॅन (इंटरनेटकडची बाजू) पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला की समजायचं, पब्लिक आयपी आपल्या एकट्याचा नाही. मग घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करा (बाहेरून आलेलं कन्सोलकडे वळवा), यूपीएनपी (हेच आपोआप करणारी सोय) चालू करा, काही फरक पडत नाही.

यावर एक उपाय विकतचा व्हीपीएन (आपला ट्रॅफिक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा), पण तो मी आधीच बाद केला. पीएस५ काय नि एक्सबॉक्स काय, दोन्हींवर व्हीपीएनचं ॲपच नाही, म्हणजे राउटर नाहीतर लॅपटॉप मध्ये घालावाच लागतो. त्यात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आला, ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवा म्हणून, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हर उचलले. यादीत ‘इंडिया’ दिसतं, पण काहींचं मशीन असतं सिंगापूरला. पुण्याहून मुंबईच्या गेम सर्व्हरवर जायला समुद्र ओलांडून यायचं, हे कुणी सांगितलंय! (स्वस्त गेमसाठी व्हीपीएन शोधणाऱ्यांनो, पीएसएन अकाउंटचा देश अकाउंट उघडतानाच ठरतो. आयपी बदलून स्टोअर बदलत नाही.)

म्हणून मुंबईतल्या डेटा सेंटरमधला सगळ्यात छोटा व्हीपीएस (स्वतःचा पब्लिक आयपी असलेला आभासी सर्व्हर) भाड्याने घेतला आणि त्यावर वायरगार्ड (घर ते सर्व्हर असा व्हीपीएनचा टनेल उभारणारं सॉफ्टवेअर) टाकलं. घरी ओपनडब्ल्यूआरटीचा (राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) राउटर. कन्सोलला स्टॅटिक आयपी दिला आणि पॉलिसी रूटिंगने (कुठल्या उपकरणाचा ट्रॅफिक कुठून जाईल तो नियम) फक्त त्याचा ट्रॅफिक टनेलमध्ये ढकलला. घरातले टीव्ही-मोबाइल नेहमीच्या वाटेने जातात, त्यामुळे घरच्यांची बोलणी टळली.

खरी मेख पुढे आहे. राउटरच्या फायरवॉलमधल्या टनेलच्या झोनवर मास्करेडिंग (राउटरने कन्सोलचा पत्ता बदलून स्वतःचा लावणं) बंद ठेवायचं. व्हीपीएसवर वायरगार्डच्या अलाउड आयपीजमध्ये (टनेलमधून चालणाऱ्या पत्त्यांची यादी) कन्सोलचा घरचा पत्ता /३२ (म्हणजे तो एकच पत्ता) लावून घालायचा, म्हणजे नॅट होतो तो एकदाच, व्हीपीएसवर. तिथे वायरगार्डचा ५१८२० सोडून बाकी सगळे यूडीपी पोर्ट थेट कन्सोलकडे वळवले. क्लाउडच्या डॅशबोर्डवरचं फायरवॉलही उघडावं लागतं, ते विसरू नका. पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (टनेल जागा ठेवायला अधूनमधून पाठवलेलं छोटं पॅकेट) २५ सेकंद, नाहीतर कन्सोल शांत बसला की बाहेरून येणाऱ्याला वाट बंद.

एवढं करून साइन-इन झालं, नॅट टाइप २ दिसला, पण स्टोअर उघडलं की चौकटी राखाडी आणि गोल फिरतंय ते फिरतंय. टनेलचा हँडशेक (दोन टोकांची ओळखपाळख) ठणठणीत. शेवटी आकडेमोड केली. माझं कनेक्शन पीपीपीओईचं (यूजरनेम-पासवर्डने लॉगिन होणारं), म्हणजे एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १५०० नव्हे, १४९२. टनेल आयपीव्ही६ वरून जातो, तिथे वायरगार्ड प्रत्येक पॅकेटमागे ८० बाइट खातं. राहिले १४१२, आणि वायरगार्ड डीफॉल्टने धरतं १४२०. व्हीपीएसकडून येणारी मोठी पॅकेट वाटेतच गळत होती. चॅटची छोटी पॅकेट बिनबोभाट पोचत होती, म्हणून संशय येत नव्हता. दोन्ही टोकांना १४१२ केलं, झोनवर एमएसएस क्लॅम्पिंग (दोन्ही बाजूंना छोटीच पॅकेट पाठवायला लावणारी सेटिंग) चालू केलं, स्टोअर लख्ख.

पिंगमध्ये थोडी भर पडली, मुंबईचा सर्व्हर असलेल्या गेममध्ये ती जाणवत नाही. मोठं डाउनलोड असेल तेव्हा मात्र टनेलचा रूटिंग नियम बंद करून ठेवतो, नाहीतर एका गेममध्येच व्हीपीएसचा महिन्याचा डेटा फस्त व्हायचा.

पुढचं काम रिमोट प्ले, म्हणजे घरचा कन्सोल दुरून फोनवर खेळणं. फोन वायरगार्डचा दुसरा पीअर (टनेलचं आणखी एक टोक) म्हणून जोडायचा आणि गावाकडून खेळून बघायचं. सोनी किमान ५ एमबीपीएस मागते, तेवढं तिथल्या फोरजीवर संध्याकाळी मिळतं का ते कळेल. एक्सबॉक्सवाल्यांपैकी कुणी ३०७४ चा पोर्ट असाच वळवून ओपन नॅट मिळवला असेल तर सेटिंग टाका, भावाकडे सिरीज एस आहे.