पुढच्या एक्सलमधले आवाज आणि मी बदललेलं चुकीचं बेअरिंग

माझ्या फोर बाय फोर पिकअपला पुढून आवाज येत होता. पन्नासच्या पुढे गेलं की घुंऽऽ असा, लांबून विमान गेल्यासारखा, आणि स्पीड वाढेल तसा तोही चढायचा. डावीकडचं वळण आलं की जास्त, उजवीकडच्या वळणाला जवळजवळ गायब. मी काय केलं, तर डावीकडे वळताना वाजतंय म्हणजे डावीकडचंच बेअरिंग गेलं असणार असं ठरवून टाकलं, कानालाही आवाज डावीकडूनच येतोय असं वाटत होतं. अख्खा रविवार घालवला. बेअरिंग हबमध्येच असतं (चाक ज्यावर बसतं तो भाग), म्हणून अख्खा हबच बदलायचा. हबचे मागचे बोल्ट गंजून असे बसलेले की एक तर रात्रभर तेल सोडून मग सुटला. नवीन हब बसवला, रोडवर काढली, पन्नास, साठ... घुंऽऽ.

आता कळतं की उलटा विचार केला होता. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकावर जातं, म्हणजे तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर घ्यायचा. आणि केबिनमध्ये बसून आवाज कुठून येतोय हे कान सांगतो त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, चासीमधून आवाज कुठूनही कुठेही फिरतो.

मग शहाण्यासारखं पहिल्यापासून सुरू केलं. आधी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकली, कारण टायर उंचसखल झिजला की डिट्टो बेअरिंगसारखाच गुणगुणतो आणि हे तपासायला खर्च शून्य. आवाज जागचा हलला नाही, म्हणजे टायर निर्दोष. मग पुढची बाजू जॅकवर घेऊन खाली स्टँड लावले (नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका प्लीज), आणि चाक वर-खाली धरून हलवून बघितलं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, काहीच नाही. इथे बरेच जण बेअरिंग ओके म्हणून मोकळे होतात, पण प्ले नसतानाही बेअरिंग खराब असू शकतं. खरी गंमत पुढे आहे, एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं. डावीकडे हाताला काहीच लागलं नाही (लागणार कसं, नवीन होतं!), उजवीकडे मात्र स्प्रिंगमधून बारीक खरखर थेट तळहातात, जात्यात वाळू टाकल्यासारखी. उजवा हब बदलला आणि घुंऽऽ बंद.

बंद झाल्यावर खालचा दुसरा आवाज ऐकू यायला लागला. हा इतके दिवस पहिल्याच्या मागे लपलेला. पार्किंगमधून हळू निघताना चिक... चिक... चिक, पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा. स्टेअरिंग सरळ असलं की गप्प, पूर्ण वळवलं की चालू. माझ्या गाडीला लॉकिंग हब (पुढची चाकं एक्सलपासून सोडवणारे) नाहीत, त्यामुळे टू व्हीलमध्ये, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना असतानाही, पुढचे एक्सल (चाकांना जाणारे दांडे) आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) फिरतच असतात, म्हणजे दोघांवर संशय. टायरला खडूने रेघ मारली, मित्राला मोकळ्या जागेत अगदी हळू गोल फिरवायला सांगितलं आणि मी वाकून बाजूने चालत राहिलो, बघणाऱ्याला काय वाटलं असेल ते असो. रेघ एकदा खाली येतेय तोवर एक चिक. प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या तीन-चार पट वेगाने फिरतो, तिथलं असतं तर एका फेरीत बऱ्याच चिक आल्या असत्या. शिवाय स्टेअरिंग वळवल्यावर वाकतो तो चाकाजवळचा एक्सलचा क्रॉस, म्हणजे तिथला अधिक चिन्हासारखा सांधा, प्रोपेलर शाफ्टला स्टेअरिंगशी काय देणंघेणं.

टॉर्च मारून बघितलं तर उजव्या क्रॉसच्या एका कपाभोवती (टोकावरची टोपी, आत सुयांसारखे बारीक रोलर) लाल-तपकिरी पावडर जमलेली, हळदीकुंकू सांडल्यासारखी. ही दिसली की बाकी काही तपासायची गरज नाही, आत ग्रीस संपून सुया गंजायला लागल्यात. एक्सल बाहेर काढून सर्क्लिप (कप धरून ठेवणाऱ्या कड्या) काढले आणि कप ठोकून सोडवला, तर अर्ध्या सुया धड निघाल्या, बाकीचा भुगा. क्रॉसच्या त्या टोकावर सुयांचे चर असे उमटलेले की नख अडकत होतं.

ज्यांच्या गाडीला पुढे क्रॉसऐवजी सीव्ही जॉइंट (त्याच जागी बसणारा गोळ्यांचा सांधा) आहे त्यांना चिक नाही, पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दिला की कट-कट-कट येईल, आणि बूट (त्यावरचं रबरी आवरण) फाटला असेल तर रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फटकारे उडालेले दिसतील. आणि फोर व्हीलमध्ये टाकून कोरड्या डांबरावर वळताना गाडी अडखळते, धडधडते, तो बिघाड नाहीये. पुढच्या-मागच्या चाकांना वळणात वेगवेगळं अंतर कापायचं असतं आणि ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरबॉक्स) ते करू देत नाही, टू व्हीलमध्ये या बस्स.

काढलेला डावा हब अजून फडताळात आहे. मधेच हातात घेऊन फिरवतो, लोण्यासारखा फिरतो मेला. आणि कालपासून रिव्हर्स घेताना ब्रेक लावला की एकदाच 'टक' येतंय. यावेळी पाना उचलायच्या आधी कोणालातरी ब्रेक मारायला बसवून, चाकांना अडण लावून, मी बॉल जॉइंट आणि स्टॅबिलायझर लिंकवर (चाकामागचे सस्पेन्शनचे सांधे) हात ठेवून बघणार आहे.