कोर्टाच्या व्हरांड्यात

वारस दाखल्याच्या कामासाठी आज सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात गेलो होतो. पुढची तारीख मिळाली, पण तोपर्यंतचे तीन तास व्हरांड्यातल्या बाकावर काढावे लागले. पुकारा करणाऱ्या पट्टेवाल्याकडे पाहताना सुशीलकुमार शिंदे आठवले. याच शहरात कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी करत शिकलेला हा माणूस पुढे कायद्याचा पदवीधर झाला, पोलीस उपनिरीक्षक झाला आणि 1974 मध्ये करमाळ्यातून विधानसभेत पोहोचला.

अर्थमंत्री म्हणून त्यांनी नऊ अर्थसंकल्प मांडले आणि 2003 मध्ये ते मुख्यमंत्री झाले, हे सोलापूरकरांना पाठ आहे. मला मात्र 31 जुलै 2012 चा दिवस अधिक बोलका वाटतो: उत्तर भारताची वीज गेलेली असताना ऊर्जामंत्री असलेल्या शिंदे यांच्याकडे त्याच दिवशी गृहखाते आले. टीका झाली, आणि ती अगदीच अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. तरीही आवाज न चढवता बोलण्याची त्यांची मवाळ रीत, जिला अनेकजण कमकुवतपणा समजले, मला आवडत आली आहे. 2014 मध्ये याच सोलापूरने त्यांना पराभूत केले, तेव्हा आमच्या घरात दोन्ही बाजूंची मते पडली होती.